अखंड पाठाचे निमंत्रण आणि जिव्हारी लागलेले एक वाक्य

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे. गेल्या वर्षी बदली होऊन नांदेडला आलो. आमचे घर वारकरी. वडील आषाढीची वारी चुकवत नाहीत. कार्यालयातले एक ज्येष्ठ शीख सहकारी मला फार सांभाळून घेतात. मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना आपुलकीने म्हणालो, “शीख धर्म म्हणजे आपल्याच धर्माची लढवय्यी शाखा, तुम्ही आमचेच.” ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. आता त्यांनीच घरी अखंड पाठ ठेवला असून भोगाला, म्हणजे पाठाच्या समाप्तीला, आम्हाला सहकुटुंब बोलावले आहे. माझे काय चुकले? शीख नेमके काय मानतात आणि हा धर्म सुरू कसा झाला? विठ्ठलाला मानणाऱ्या आम्ही गुरू ग्रंथसाहिबापुढे माथा टेकावा का, आणि तिथे वागावे कसे?

— एक वाचक, नांदेड

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बोलण्यामागची आपुलकी तुमच्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचली असणार, नाहीतर त्यांनी घरच्या पाठाला तुम्हाला बोलावले नसते. तरीही ते वाक्य त्यांना लागले, कारण त्यात त्यांच्या धर्माला स्वतःचे असे काही म्हणणे आहे हेच मान्य केलेले नव्हते. ‘तुम्ही आमचेच’ हे जवळ घेणारे शब्द आहेत, पण ज्याला जवळ घ्यायचे त्याची ओळख पुसून ते जवळ घेतात. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी शक्यतो त्यांच्याच परंपरेच्या शब्दांत देतो.

सुरुवात गुरू नानकांपासून करू. त्यांचा जन्म १४६९ मध्ये तलवंडी येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात असून ननकाना साहिब या नावाने ओळखले जाते. वडील महिता कालू गावचे पटवारी होते. तरुणपणी नानकांनी सुलतानपूर लोधी येथे नवाब दौलतखान लोदी यांच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, हिशेबाची नोकरी केली. तिथल्या वेईं नदीत एका पहाटे ते स्नानाला उतरले आणि तीन दिवसांनी परतले तेव्हा ‘ना कोई हिंदू, ना कोई मुसलमान’ असे बोलले, ही कथा जनमसाखींमध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या चरित्रकथांमध्ये, येते. या उद्गाराचा ‘दोन्ही धर्म सारखेच’ असा सोयीचा अर्थ लावला जातो आणि त्यावरूनच ‘शीख धर्म म्हणजे हिंदू आणि इस्लाम यांचे मिश्रण’ हा ठोकताळा निघतो. मला तो पटत नाही. नानकांनी दोघांकडून थोडे थोडे घेऊन नवे काही जुळवले, असे त्यांची वाणी वाचताना कुठेच वाटत नाही. आपल्याला थेट जे उमगले ते सांगणाऱ्या माणसाचा ठामपणा त्या वाणीत आहे, आणि त्या ठामपणाने ते पंडिताला, काझीला आणि योग्यालाही प्रश्न विचारतात.

पुढे रबाब वाजवणाऱ्या भाई मरदाना यांना सोबत घेऊन त्यांनी दूरदूरचे प्रवास केले. मरदाना जन्माने मुसलमान होते. बाबराच्या सैन्याने सैदपूर लुटले तेव्हाचा आकांत नानकांच्या पदांत आला आहे आणि तिथे ते थेट परमेश्वरालाच जाब विचारतात की, एवढा मार पडला, लोक कळवळले, तुला वेदना झाली नाही का? शेवटची वर्षे त्यांनी रावीच्या काठी करतारपूर वसवून तिथे शेती करत घालवली. संसार सोडून डोंगरात बसलेल्या सिद्धांपेक्षा नांगर धरणारा, घाम गाळून मिळवलेले वाटून खाणारा गृहस्थ त्यांना मोलाचा वाटत होता. १५३९ मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी आपल्या मुलांपैकी कोणालाही गादी न देता भाई लहिणा या शिष्याची निवड केली आणि त्यांना अंगद हे नाव दिले. या निर्णयामुळे नानकांचा मार्ग त्यांच्याबरोबर संपला नाही. दहाही गुरूंमध्ये एकच ज्योत होती, असे शीख मानतात. म्हणूनच नंतरच्या गुरूंनीही आपल्या रचनांवर ‘नानक’ हीच मुद्रा ठेवली.

आता श्रद्धेचा गाभा. ग्रंथाचे पहिले वाक्य, ज्याला मूलमंत्र म्हणतात, असे आहे : ‘इक ओअंकार सतिनामु करता पुरखु निरभउ निरवैरु अकाल मूरति अजूनी सैभं गुर प्रसादि’. परमेश्वर एक आहे, सत्य हे त्याचे नाव, तोच कर्ता. त्याला भय नाही, वैर नाही. तो काळाच्या पलीकडचा, योनीत न येणारा, स्वयंभू. आणि गुरूच्या कृपेने तो लाभतो. यातला ‘अजूनी’ हा शब्द तुमच्या वाक्याच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. परमेश्वर जन्म घेत नाही, म्हणून शीख अवतार मानत नाहीत आणि मूर्तिपूजा करत नाहीत. ग्रंथात राम, हरी, गोविंद, अल्लाह, खुदा ही सगळी नावे येतात, पण ती त्या एका अकाल पुरुषाची नावे म्हणून येतात. राम हे नाव दिसले म्हणून दाशरथी रामाची उपासना आहे असे समजणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

मग माणसाने करायचे काय? मूलमंत्राच्या पाठोपाठ येणाऱ्या जपजीत, पहिल्याच पौडीत (कडव्यात), नानक विचारतात, ‘किव सचिआरा होईऐ किव कूड़ै तुटै पालि’. खरे कसे व्हावे, असत्याची भिंत कशी तुटावी? उत्तरही तिथेच आहे : ‘हुकमि रजाई चलणा’, त्याच्या हुकमाप्रमाणे, त्याच्या मर्जीने चालावे. ही भिंत ‘हउमै’ची, म्हणजे मीपणाची. कर्म आणि पुनर्जन्म तुम्हाला ओळखीचे वाटतील, कारण शीख ते मानतात; परंतु ‘करमी आवै कपड़ा नदरी मोखु दुआरु’, कर्माने देहाचे वस्त्र मिळते, मोक्षाचे दार मात्र त्याच्या कृपादृष्टीने उघडते. व्रते, उपवास, तीर्थस्नाने यांनी ते उघडत नाही. नाम जपावे, कष्टाची कमाई करावी आणि वाटून खावे (नाम जपणा, किरत करणी, वंड छकणा), ही शिखांची रोजच्या जगण्याची तिपेडी शिस्त आहे.

वाटून खाण्याला लंगरात, म्हणजे सर्वांसाठीच्या सामुदायिक भोजनात, देह मिळाला. तिसऱ्या गुरू अमरदासांनी गोइंदवाल येथे ‘पहिले पंगत, पाछे संगत’ असा दंडक घातला. भेटीला येणाऱ्याने आधी सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे. कोणी कोणाच्या हातचे खावे यावरच ज्या समाजाची सगळी उतरंड उभी होती, त्या समाजात हे किती धारदार पाऊल होते, हे आपण महाराष्ट्रातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. सती आणि पडदा या प्रथांनाही त्यांनी विरोध केला. अर्थात जात शीख समाजातून पुरती गेली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पंजाबातल्या अनेक गावांत आजही जातवार गुरुद्वारे आहेत, आणि ही गुरूंच्या शिकवणीशी प्रतारणा आहे असे खुद्द शीखच बोलतात.

चौथे गुरू रामदास यांनी अमृतसर वसवले. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी तिथे हरिमंदिर उभारले आणि १६०४ मध्ये आदिग्रंथ, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथसाहिबाचे मूळ रूप, सिद्ध करून त्यात स्थापला. दोनच वर्षांनी, १६०६ मध्ये, जहांगीराच्या राजवटीत लाहोर येथे त्यांना छळ करून मारण्यात आले. त्यानंतर सहावे गुरू हरगोबिंद यांनी मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक आणि आध्यात्मिक अधिकार, अशा दोन तलवारी धारण केल्या. तुम्ही ‘लढवय्यी शाखा’ म्हणालात तेव्हा तुमच्या मनात ही आणि यापुढची चित्रे असणार. पण शस्त्र हाती येण्याआधी या परंपरेची शंभरएक वर्षे नाम, कीर्तन, शेती आणि लंगर यांत गेली होती, आणि शस्त्र आले ते एका गुरूच्या हौतात्म्यानंतर आले. कोण्या दुसऱ्या धर्माची सेना म्हणून ते आले नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत नेमके उत्तर जानव्याशी जोडलेल्या दोन घटनांत आहे. लहान नानकांची मुंज ठरली तेव्हा त्यांनी पुरोहिताकडून जानवे घेण्यास नकार दिला, असे परंपरा सांगते. आणि ‘आसा दी वार’ या रचनेत त्यांचे शब्दच आहेत : ‘दइआ कपाह संतोखु सूतु जतु गंढी सतु वटु’. दयेचा कापूस, संतोषाचे सूत, संयमाची गाठ आणि सत्याचा पीळ असे जानवे तुझ्यापाशी असेल तर घाल, कारण ते तुटत नाही, मळत नाही आणि जळतही नाही. म्हणजे शीख मार्गाने पहिल्या गुरूपासूनच जानवे बाजूला ठेवले. आता १६७५ सालात या. औरंगजेबाच्या काळात धर्मांतराच्या सक्तीने गांजलेले काश्मिरी पंडित आनंदपूरला नवव्या गुरूंकडे, तेगबहादुरांकडे आले, असा शीख परंपरेचा दाखला आहे. आणि त्यानंतर गुरूंनी दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद पत्करला. तिथे आज सीसगंज गुरुद्वारा आहे. त्यांनी तिलक आणि जानवे राखले, असे ‘बचित्तर नाटक’ या रचनेत म्हटले आहे. जे जानवे आपण घालत नाही, ते दुसऱ्याला घालता यावे म्हणून या गुरूने मान दिली. शीख धर्म ही शाखा असती, तर हे आपल्याच घरासाठीचे बलिदान ठरले असते. ते दुसऱ्याच्या घरासाठी होते, यात त्याची थोरवी आहे, आणि ‘तुम्ही आमचेच’ या वाक्याने नेमकी तीच झाकली जाते.

याला अलीकडचा इतिहासही आहे. १८७३ मध्ये अमृतसरला सुरू झालेल्या सिंगसभा चळवळीपासून शीख आपली वेगळी ओळख स्पष्ट शब्दांत मांडत आले आहेत. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने त्यांच्या विवाहविधीला मान्यता मिळाली. घटनेच्या २५ व्या कलमात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात, हिंदू धार्मिक संस्थांच्या तरतुदीपुरता, हिंदू या शब्दात शिखांचाही समावेश केला आहे, आणि अनेक शिखांना ते आजही खुपते. १९८४ च्या जूनमधली सुवर्णमंदिरावरची लष्करी कारवाई आणि नोव्हेंबरमधला शीखविरोधी हिंसाचार यांच्या आठवणी तुमच्या सहकाऱ्यांच्या पिढीच्या मनात ताज्या आहेत. तुमचे वाक्य या सगळ्यावर जाऊन आदळले.

आता तुमच्या गावाकडे येतो. दहावे गुरू गोबिंदसिंग यांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली. भरल्या सभेत नंगी तलवार घेऊन त्यांनी शीर मागितले आणि एकामागून एक पाच जण उठले : लाहोरचे दयासिंग, हस्तिनापूरचे धरमसिंग, जगन्नाथपुरीचे हिंमतसिंग, द्वारकेचे मोहकमसिंग आणि बिदरचे साहिबसिंग. यांत पाणक्या होता, छिपा (कापडावर छपाई करणारा) होता, न्हावी होता. आणि बिदर तर नांदेडपासून काही तासांच्या अंतरावर. लोखंडी बाट्यातल्या (वाडग्यातल्या) पाण्यात पतासे विरघळवून, खंडा (दुधारी शस्त्र) फिरवत, वाणीचे पठण करत तयार केलेले अमृत त्या पाच जणांना देऊन झाल्यावर गुरूंनी त्यांच्यापुढे हात जोडून स्वतःसाठी तेच अमृत मागितले. केस, कंगवा, कडे, कृपाण आणि कछैरा (आखूड चोळणा) ही पाच चिन्हे अमृतधारी, म्हणजे हे अमृत घेतलेले, शीख अंगावर बाळगतात. सर्वच शीख अमृतधारी नसतात, तेव्हा कोणाचे काय कमी आहे हे मोजू नका.

१७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेडला गुरू गोबिंदसिंगांनी देह ठेवला. माधोदास बैरागी त्यांना इथेच भेटला आणि बंदासिंग बहादुर होऊन पंजाबकडे गेला. आपल्यानंतर कोणी देहधारी गुरू नसेल, ग्रंथ हाच गुरू, हा निर्णयही त्यांनी इथेच दिला. म्हणून इथले हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक आहे. २००८ मध्ये ग्रंथाला गुरुपद मिळाल्याची तीनशे वर्षे नांदेडने साजरी केली. आजही तख्तावर रोज गोदावरीचे पाणी गागरीने आणले जाते. तख्ताच्या काही रीती पंजाबातल्या रीतींपेक्षा वेगळ्या आहेत, त्यामुळे तिथे पाहिलेले सगळे सहकाऱ्यांच्या घरी दिसेलच असे नाही.

माथा टेकण्याविषयी. शीख ग्रंथापुढे वाकतात ते त्यातल्या शबदापुढे (गुरुवाणीपुढे), गुरू म्हणून. कागदाची पूजा म्हणून नाही. १४३० पानांच्या (पानाला ते ‘अंग’ म्हणतात) या ग्रंथात सहा गुरूंच्या रचना आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने कबीर, रविदास, शेख फरीद अशा पंधरा भगतांच्याही (संतांच्याही) आहेत. तुमच्या शेजारच्या नरसी गावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या संत नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत. वारकरी घरात वाढलेल्या तुम्हाला मी त्यांतले एकच पद वाचायला सांगेन. ‘आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ’, देवाला स्नान घालायला घागर भरून पाणी आणले, पण त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव होते, ‘बीठलु भैला काइ करउ’. विठ्ठल आधीच तिथे होता, मी काय करू? फुले आणली तर भुंग्याने आधी वास घेतलेला, दूध आणले तर वासराने उष्टे केलेले. तिथेही विठ्ठल होताच. शेवटी ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही’. तेव्हा निःशंक मनाने माथा टेका. तुमचा विठ्ठल त्या ग्रंथात नावानिशी आहे. मात्र तो तिथे ज्या अर्थाने आहे तो अर्थही सोबत घ्या, आणि ‘आमचे नामदेव तुमच्या ग्रंथात आहेत, म्हणजे ग्रंथ आमचाच’ असे चुकूनही म्हणू नका. पंजाबातल्या घुमान गावाने नामदेवांची आठवण शतकानुशतके जपली आहे. २०१५ चे मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. आणि उद्या सहकारी तुमच्या घरी आले व विठ्ठलाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत, तर त्याचा राग धरू नका. ‘अजूनी’ या शब्दावर त्यांची निष्ठा आहे.

भोगाच्या दिवशीचे थोडे. अखंड पाठ म्हणजे सुमारे ४८ तास, पाठ वाचणाऱ्यांनी आळीपाळीने बसून, न थांबता केलेले संपूर्ण ग्रंथाचे वाचन. जिथे ग्रंथाचा ‘प्रकाश’ केलेला असतो, म्हणजे तो उघडून ठेवलेला असतो, त्या खोलीत वर चांदोवा बांधलेला असतो आणि मागे कोणीतरी चौर ढाळत असते. डोके रुमालाने किंवा ओढणीने झाका, जोडे बाहेर काढा, हातपाय धुऊन आत जा. तंबाखू, गुटखा, सिगारेट खिशातही नको. अमृतधारी शिखाला तंबाखू वर्ज्य आहे. माथा टेकून खाली बसा आणि ग्रंथाकडे पाय पसरू नका. नारळ, उदबत्त्या नेण्यापेक्षा लंगरासाठी तूप, डाळ, कणीक असे काही चालेल का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

शक्य असेल तर भोगाच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण वाचन संपताना नवव्या गुरूंचे ५७ श्लोक येतात आणि ते ऐकण्यासारखे आहेत. वर ज्यांच्याविषयी लिहिले त्या तेगबहादुरांचेच हे शब्द : ‘भै काहू कउ देत नहि नहि भै मानत आन’. जो कोणाला भय दाखवत नाही आणि कोणाचे भय मानत नाही, त्यालाच ज्ञानी म्हणावे. त्यानंतर कीर्तन होईल. अरदाशीला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, सगळ्यांबरोबर हात जोडून उभे राहा. मग ग्रंथ उघडून जे वचन समोर येईल ते हुकमनामा म्हणून वाचले जाईल. कडाह प्रसाद (कणकेचा शिरा) दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. लंगरात पंगतीला बसा, पोळीला तिथे ‘प्रशादा’ म्हणतात, आणि पानात टाकू नका. जेवण झाल्यावर तुम्ही दोघेही वाढायला किंवा भांडी घासायला उठलात तर कोणी अडवणार नाही. ती सेवा आहे आणि पाहुण्याला तिची मनाई नसते.

त्या वाक्याविषयी सहकाऱ्यांशी पाठाच्या गर्दीत बोलू नका. त्याआधी कार्यालयात एकटे असतील तेव्हा एवढेच म्हणा की, “मागे मी न समजता बोललो, तुम्हाला लागले असेल; भोगाला आम्ही सगळे येतो.” लांबण लावू नका आणि शीख कसे शूर, कसे कष्टाळू अशी स्तुतीही जोडू नका, सरदारांवरचे विनोद कार्यालयात चालत असतील तर त्यांत यापुढे सामील होऊ नका. भेटताना ‘सत श्री अकाल’ म्हणा. पुढे वाचायची इच्छा झाली तर जपजीपासून सुरुवात करा. ती देवनागरीत मिळते, आणि अडेल तिथे अर्थ त्यांनाच विचारा. ग्रंथातल्या कबिरांच्या श्लोकांत नामदेव आणि भगत त्रिलोचन यांचा एक संवाद आहे. कापडावरच्या छपाईच्या कामात का गुंतलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस, असे त्रिलोचन विचारतात आणि नामदेव उत्तर देतात, ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. हातापायांनी सगळे काम करावे, चित्त निरंजनापाशी असावे. हा संवाद वडिलांना वाचून दाखवा, आणि प्रकृती साथ देत असेल तर भोगाला त्यांनाही बरोबर घेऊन जा.